पंचावाचून खेळ

ज्या खेळात पंच नाही, त्या खेळाविषयी वकिलाच्या मनात प्रथम अविश्वासच उत्पन्न व्हावा, हे स्वाभाविक आहे. स्वतःच्या प्रकरणात कोणीही स्वतः न्यायाधीश होऊ नये, या एका तत्त्वावर आमच्या व्यवसायाची सारी इमारत उभी आहे. गोल्फचा खेळ नेमका याच्या उलट तत्त्वावर चालतो. मैदान मैल दोन मैल पसरलेले, खेळणारे चार दिशांना पांगलेले, चेंडू कधी झुडपात तर कधी खड्ड्यात. तेथे प्रत्येकाच्या पाठीमागे पंच धाडणार कोण? म्हणून खेळणाऱ्यानेच आपले टोले मोजावेत, नियम मोडला तर तो आपणच सांगावा, आणि दंडाचा टोला आपल्याच हाताने आपल्या खात्यावर चढवावा, अशी या खेळाची रीत आहे. एडिंबरोजवळच्या लीथ येथील खेळाडूंनी १७४४ साली त्याचे पहिले लेखी नियम केले, ते अवघे तेरा होते. पुढे त्यांचे जाडजूड पुस्तक झाले. २०१९ साली त्या पुस्तकाची मोठी पुनर्रचना झाली आणि हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली. परंतु खेळाडूने नियम स्वतःच स्वतःला लावावेत, हे सूत्र मात्र कायम राहिले. मोठ्या स्पर्धांना पंच असतात, तेही बहुधा विचारल्यावर सांगण्यासाठी.

आमचे बालपण बेळगावात विटीदांडू खेळण्यात गेले. मोजणीवरून तंटा न होता एखादा डाव संपल्याचे आम्हांस आठवत नाही. तेव्हा ज्या खेळात माणूस आपण होऊन आपल्याविरुद्ध साक्ष देतो, त्या खेळाची हकीकत प्रथम ऐकली तेव्हा ती आम्हांस एखाद्या पुराणकथेसारखी वाटली, यात नवल नाही.

या पुराणकथेचे नायक म्हणजे अमेरिकेचे बॉबी जोन्स. हे गृहस्थ पुढे वकील झाले, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. १९२५ साली वूस्टर येथे अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा चालू असता पहिल्याच फेरीत, उंच गवतात टोला मारण्याच्या तयारीत असताना, त्यांचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीही ते पाहिले नव्हते. त्यांनी तो हलल्याचे सांगितले आणि स्वतःवर एक टोला दंड लावून घेतला. चार फेऱ्यांअंती ते विली मॅकफार्लेन यांच्या बरोबरीला आले. निकालासाठी अठरा होल पुन्हा खेळले, तरीही बरोबरी. आणखी अठरा होल खेळले आणि जोन्स एका टोल्याने हरले. तो दंड सांगितला नसता तर बरोबरीचा प्रश्नच उद्भवला नसता. कोणी स्तुती केली तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून कोणी माणसाची पाठ थोपटतो काय, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, असे सांगतात.

दुसरी कथा याहून वेगळी, आणि वकिलाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद. १९६८ साली ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे विसेन्सो यांनी शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर तीन टोले घेतले. नोंद ठेवणाऱ्या सोबत्याने चुकून चार लिहिले. दे विसेन्सो यांनी तशीच सही केली. सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच कायम धरावा, असा नियम होता. त्या एका टोल्याने विजेतेपद बॉब गोल्बी यांच्याकडे गेले. तीन टोले हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, परंतु कागदावर चार होते. न वाचता सही करणाऱ्या पक्षकारांस आम्ही ही गोष्ट सांगतो. त्याने फारसा उपयोग होतो असे नाही.

परंतु या दोन्ही गोष्टी मोठ्या मैदानावरच्या आहेत. तेथे कीर्ती आहे, बक्षीस आहे, प्रतिस्पर्धी आहे. जोन्स गप्प राहते तर मॅकफार्लेन यांचा हक्क बुडाला असता, आणि दुसऱ्याचा हक्क बुडवू नये हे आम्हां सर्वांना समजते. त्यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न फारसा नाही. जेथे प्रतिस्पर्धी नाही, बक्षीस नाही आणि पाहणाराही नाही, तेथे खरा प्रश्न उभा राहतो. तो आमच्यापुढे उभा राहिला तो एका आडगावच्या नऊ होलांच्या मैदानावर.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या पूर्वेस गव्हाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. आमचा भाचा बरीच वर्षे तिकडे नोकरीस आहे. त्याच्याकडे गेलो असता एके दिवशी त्याने आम्हांस आपल्या गावच्या गोल्फच्या मैदानावर नेले. दिवस आषाढातले, म्हणजे तिकडचा हिवाळा. तिथल्या उन्हाळ्यात जमीन भाजून निघते, म्हणून या गावांत गोल्फ हिवाळ्यातच खेळतात. धान्याच्या कोठारापलीकडे नीलगिरीच्या विरळ रांगा आणि त्यांच्यामधून नऊ होल. अठरा खेळायचे असतील तर तेच नऊ पुन्हा, थोड्या निराळ्या जागेवरून आरंभ करून. कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या. क्लबाच्या पत्र्याच्या घराला कुलूप होते. दाराशेजारी भिंतीत एक लोखंडी पेटी बसवलेली, तिच्यावर पाकिटांचा गठ्ठा. पाकिटावर नाव लिहावे, आत शुल्क घालावे, पेटीत टाकावे आणि खेळास लागावे. वसूल करणारा तेथे कोणी नाही.

तिथले ग्रीन हिरवे नव्हते. पाण्याची ओढ असलेल्या त्या गावांत होलाभोवतीचे वर्तुळ तेल कालवून बसवलेल्या वाळूचे असते. आपल्याकडच्या छावण्यांतही पूर्वी अशीच मैदाने होती, आणि हिरव्याच्या जागी तपकिरी म्हणून त्यांस ‘ब्राऊन’ म्हणत. काठाशी लांब दांड्याला आडवी पट्टी बसवलेले एक हत्यार पडलेले असते. आपल्याकडे खळ्यावर धान्य ओढण्यास वापरतात त्याच जातीचे. चेंडूपासून होलापर्यंतची वाट त्याने गुळगुळीत करून घ्यायची, मग हलकेच टोला मारायचा, आणि निघताना पावलांच्या खुणा पुसून वाळू मागून येणाऱ्यासाठी सारखी करून जायचे. त्या दिवशी मागून कोणी येणार नव्हते, हे स्पष्ट दिसत होते. तरीही भाच्याने प्रत्येक वेळी वाळू सारखी केली, आणि पेटीत पैसेही अचूक टाकले. हे येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्यावरून वाचकांनी त्या मुलाविषयी भलता ग्रह करून घेऊ नये.

सहाव्या होलवर त्याचा चेंडू नीलगिरीच्या बुंध्याशी, सोललेल्या सालींच्या ढिगात अडकला. साली उचलण्यास नियमाची आडकाठी नाही. मात्र त्या उचलताना चेंडू हलला तर एक टोला दंड. चेंडू खेळण्याजोगा नाही असे ठरवून बाजूला घ्यावयाचा, तरीही एक टोला दंड. भाच्याने बुटाच्या कडेने चेंडू हळूच मोकळ्या जागी सारला, पुढे खेळला आणि कार्डावर सहाऐवजी पाच लिहिले. हे त्याने लपूनछपून केले नाही. आमच्या देखतच केले. आम्ही पाहत आहोत असे लक्षात येताच तो हसून म्हणाला, “मामा, स्पर्धेत मी असे कधी करत नाही. पण एरवी रविवारी येथे मी एकटाच असतो. पैज नाही, बक्षीस नाही. कार्ड घरी गेल्यावर माझ्या खणात पडते. सांगा, मी कोणाला फसवले?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर चटकन देता येईना.

पहिले उत्तर कोणाच्याही जिभेवर येईल ते हे की, देव पाहतो. भाच्याने ते आधीच हेरले होते. तो म्हणाला, “देवळातल्या दानपेटीपुढे देव असतो, मामा, येथे कांगारू आहेत.” थट्टा बाजूला ठेवली तरी हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. देव पाहतो म्हणून खरे लिहावयाचे, तर आपण देवाला पंच करून ठेवला, आणि आपला खरेपणा दंडाच्या भीतीवर आणून सोडला. तशी समजूत समाजात पूर्वी होती आणि कायद्यानेही तिला काही काळ जागा दिली होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७३ च्या शपथविषयक कायद्यात एक चमत्कारिक सोय होती: दाव्यातील एक पक्ष म्हणे, प्रतिपक्षाने अमुक देवळात अमुक प्रकारे शपथ घेऊन सांगावे, मी ते मान्य करीन. प्रतिपक्षाने तशी शपथ घेतली की, जो बांधून घेण्यास तयार झाला त्याच्याविरुद्ध ती साक्ष निर्णायक पुरावा ठरे. देवासमोर खोटे बोलण्याची छाती कोणाची होणार नाही, ही त्यामागची श्रद्धा. ज्यांची झाली त्यांनी जमिनी जिंकल्या. १९६९ च्या नव्या कायद्यात ही सोय ठेवली गेली नाही, आणि ते योग्यच झाले असे आमचे मत आहे.

आपल्या शास्त्रांनी मात्र अंतर्यामी असलेल्यास पंच म्हटले नाही, साक्षी म्हटले आहे. या दोन शब्दांतील अंतर कोर्टात आयुष्य घालवणाऱ्यास जितके जाणवते तितके इतरांस जाणवत नसेल. न्यायाधीश शिक्षा देतो, सोडतो, दया करतो. साक्षीदार यातले काहीच करत नाही; त्याने पाहिले आणि पाहिले तसे सांगितले, की त्याचे काम संपले. मुंडकोपनिषदात एकाच झाडावरच्या दोन पाखरांचे जे चित्र आहे, त्यातले एक फळ खाते आणि दुसरे न खाता नुसते पाहते. ते दुसरे पाखरू पहिल्यास चोच मारीत नाही. मनुस्मृतीचा आठवा अध्याय व्यवहाराचा, म्हणजे दावे-फिर्यादींचा. तेथे साक्षीदारांस उपदेश करताना, आपलाच आत्मा आपला साक्षी आहे, त्याचा अवमान करू नका, असे सांगितले आहे. भय घाला असे नव्हे, अवमान करू नका असे. गोल्फ खेळणारा एकटा माणूस ही दोन्ही पाखरे एकाच देहात घेऊन हिंडतो: एक टोले मारते, एक मोजते.

तथापि भाच्याची बाजू याने पडत नाही. साक्षीदाराचा अवमान झाला खरा, पण नुकसान कोणाचे झाले? दिवाणी दाव्यात नुकसान दाखवावे लागते. शिवाय त्याच्या बाजूस या खेळाचा कायदाही आहे. २०२० पासून जगभर हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूचे बळ आकड्यात मांडण्याची, जी एकच पद्धत सुरू झाली, तिच्यात एकट्याने खेळलेल्या फेरीचे कार्ड धरले जात नाही; सोबत निदान एक माणूस असावा लागतो. स्वतःच्या खरेपणाचा एवढा डंका वाजवणारा हा खेळ, नोंद ठेवण्याची वेळ आली की एकट्या माणसावर विश्वास ठेवत नाही. आणि त्याला कारण आहे. कोणी टोले कमी लिहितात ते फुशारकीसाठी; कोणी मुद्दाम जास्त लिहितात ते दुबळे ठरून स्पर्धेत सवलत मिळावी म्हणून. हा दुसरा प्रकार आमच्या परिचयाचा आहे. पोटगीच्या अर्जात मिळकत लिहिताना भले भले गृहस्थ एकाएकी अकिंचन होतात.

मग आम्ही भाच्यास एक हकीकत सांगितली, ती येथे सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही.

एका देवस्थानचे एक विश्वस्त बावीस वर्षे रोजकीर्द लिहीत होते. अत्यंत सचोटीचे गृहस्थ. रोज रात्री सभामंडपाच्या ओसरीवर बसून ते दिवसाचा जमाखर्च मांडीत. फुलवाल्याचे पैसे, तेलवात, नैवेद्याचे तांदूळ, पालखीच्या दिवशी वाजंत्र्यांची बिदागी. रोज रात्री चारआठ रुपयांचा फरक निघे, तसा तो कोणाच्याही हिशेबात निघतो. तो फरक त्यांना डोळ्यांस सहन होत नसे. रक्कम कमी भरली तर ते पदरची घालीत. जास्त भरली तर तेलवातीच्या किंवा किरकोळीच्या नावे एखादा रुपया वाढवून मेळ बसवीत. एक पैसाही त्यांनी खाल्ला नाही. उलट वर्षाकाठी खिशाला चाटच बसे. पान स्वच्छ दिसावे आणि त्याखाली सही करताना समाधान वाटावे, एवढाच त्यांचा लोभ.

पुढे असे उघडकीस आले की तेथील एक कारकून कित्येक वर्षे थोडी थोडी रक्कम काढून घेत होता. दावा लागला. आम्ही देवस्थानातर्फे उभे होतो. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवह्या पुराव्यात येतात, पण केवळ त्यांच्या बळावर कोणावर जबाबदारी लादता येत नाही, असे कायदा सांगतो. त्यांना जोड लागते ती वही लिहिणाऱ्याच्या तोंडच्या साक्षीची. विश्वस्त पिंजऱ्यात उभे राहिले. प्रतिपक्षाच्या वकिलांनी वहीचे एक पान उघडून विचारले, हा तेलवातीचा खर्च खरा की मेळ बसवण्यासाठी लिहिलेला? म्हाताऱ्याने बराच वेळ त्या पानाकडे पाहिले आणि सांगितले, “आता सांगता येत नाही.” दुसरे पान उघडले, तेच उत्तर. तिसरे पान उघडण्याची गरजच उरली नाही. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हते, कारण लिहिताना त्यांनी खरे आणि जुळवलेले यांत भेद ठेवला नव्हता. कारकून सुटला. त्यानंतर गावात कुजबूज सुरू झाली ती कारकुनाविषयी नव्हे. पुढच्या उत्सवात पालखी त्यांच्या दारावरून गेली तेव्हा ते बाहेर आले नाहीत, असे आम्हांस कोणी सांगितले.

साक्षीदार फितूर झाला असे आम्ही कोर्टात म्हणतो, तेव्हा त्याला कोणीतरी पैसे चारले असतील असे लोक समजतात. नेहमी तसे नसते. पुष्कळदा तो इतक्या वेळा इतक्या जणांजवळ सोयीचे बोललेला असतो, की काय पाहिले आणि काय बोललो हे त्याचे त्यालाच निवडता येत नाही. त्या विश्वस्तांच्या आतला साक्षीदार असाच, विनामूल्य, रोज दोनचार रुपयांच्या मानाने फितूर झाला होता. ज्या दिवशी त्याची गरज पडली त्या दिवशी तो बोलेना.

भाचा विचारात पडला. पण मुलगा हुशार आहे आणि आमच्या बहिणीचा असल्यामुळे सहजासहजी हार खाणारा नाही. तो म्हणाला, “तुमचे विश्वस्त दुसऱ्यांसाठी हिशेब ठेवीत होते. माझे कार्ड फक्त माझे.” हा भेद खरा आहे, आणि तो आम्ही मान्य केला. विश्वस्तांचा अपराध मोठा, याचा लहान. परंतु कार्ड फक्त त्याचे आहे, म्हणजे कोणाचे? ते खणात ठेवतो तो एक. दोन वर्षांनी काढून, आपला खेळ सुधारला की बिघडला, हे पाहणारा दुसरा. त्या दुसऱ्याजवळ या कार्डाखेरीज दुसरा पुरावा नाही. बुटाने सारलेल्या चेंडूचा पाच आणि खऱ्या पाच टोल्यांचा पाच, हे त्याला सारखेच दिसणार. पर्थच्या बँकेत ठेव ठेवणारा आणि मुदत संपल्यावर ती काढणारा माणूस एकच असतो, म्हणून बँकेने आकडा बदलला तर चालते काय?

“कोणी पाहिले नाही” या शब्दांविषयीही येथे दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, जरी त्या मैदानाशी त्याचा संबंध उलटा आहे. त्या आडगावात खरोखरच कोणी नव्हते. प्रत्येक जण आपली पिशवी आपणच वाहतो. आपल्याकडे तसे नाही. कलकत्त्यास १८२९ पासून हा खेळ आहे. हैदराबादेस गोवळकोंड्याच्या किल्ल्याच्या आवारात, बडोद्यास राजवाड्याच्या आवारात त्याची मैदाने आहेत. आणि आपल्या कित्येक क्लबांत खेळणाऱ्याबरोबर पिशवी वाहणारा कॅडी असतो, काही ठिकाणी चेंडू कोठे पडतो हे पाहण्यासाठी पुढे धाडलेला ‘आगेवाला’ही. म्हणजे पाहण्याचीच ज्याला मजुरी दिली आहे असा माणूस वीस पावलांवर उभा आहे, आणि साहेब चेंडू सारून म्हणतात, कोणी पाहिले नाही! अनवाणी पायाच्या बोटांनी मालकाचा चेंडू उचलून सोयीच्या जागी ठेवणाऱ्या पोरांच्या गोष्टी सर्वत्र हसत हसत सांगितल्या जातात. त्यात पोरगा लबाड ठरतो. चेंडू चांगल्या जागी सापडल्याचा आनंद मानून काही न विचारणारा मालक मात्र सज्जन राहतो. आमच्या अनुभवात कोर्टातले उत्तम साक्षीदार बहुधा असेच निघतात: स्वयंपाकीण, गडी, कूळ, देवळातला झाडूवाला. ज्यांच्या देखत आपण काहीही बोलतो, कारण त्यांना आपण माणसांत धरलेले नसते.

गोल्फवरच्या खरेपणाचे स्तोम माजवावे असे आमचे म्हणणे नाही. मैदानावर दंडाचा टोला आपण होऊन सांगणारे आणि कचेरीत कुळांचे पैसे दडपणारे गृहस्थ आमच्या पाहण्यात आहेत. अठरा होलांचा खरेपणा स्वस्त पडतो. एखाद्याने पेटीत पैसे टाकले म्हणून त्याच्या प्रतिज्ञापत्रावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

उरला एक मुद्दा, आणि तो भाच्यानेच काढला. तो म्हणाला, “मग न मोजता खेळलो तर?” आम्ही म्हटले, अवश्य खेळ. लहान मुले अंगणात चेंडू मारतात, त्यांना कोणी खोटारडे म्हणत नाही. चेंडू बुटाने सार, हाताने उचल, झाडावरून फेक. तुझा चेंडू, तुझा रविवार. कीर्द लिहिण्याची सक्ती त्या विश्वस्तांवर होती, तुझ्यावर नाही. लिहिशील तेवढे मात्र झाले तसे लिही. चार रुपयांचा फरक पडला, तर ‘चार रुपये मेळ बसत नाही’ असे लिहिण्यास वहीत जागा असते. म्हाताऱ्याने ती ओळ बावीस वर्षांत एकदा जरी लिहिली असती तर तेवढे एक पान तरी कोर्टात टिकले असते.

त्याने कार्डावरचा पाच खोडून सहा केला की नाही, हे आम्ही पाहिले नाही. विचारणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. नऊ होल संपल्यावर ऊन अजून बाकी होते, म्हणून तेच नऊ पुन्हा खेळावेत असे ठरले. निघताना त्याने पेन्सिल आणि कार्डे पिशवीच्या तळाशी घातली. दुसऱ्या फेरीत त्याचा खेळ बरा झाला की वाईट, हे सांगता येणार नाही, कारण आम्हां दोघांपैकी कोणीच मोजत नव्हते. वाळू मात्र तो निघताना सारखी करीत होता.